बनाबाईच्या नावाचा किडा

सिद्धार्थनगर, कोल्हापूर
४ जुलै २००४

चि. संघप्रिया हिस,

जयभीम. इकडे सर्व ठीक. तुझी बाळाआत्या बरी आहे. तिचे गुडघे दुखतात, तोंड दुखत नाही. पाऊस लागून आहे. अंगणात ड्रममध्ये लावलेल्या अंजनीला नवी पालवी आली आहे. खुशाली संपली. आता मुद्द्याचं.

तुझा लेख मला मिळाला. तुझ्याकडून मिळाला नाही, हे आधी नोंदवून ठेवतो.

मंगळवारी पोवार सरांच्या कॉलेजात गेलो होतो. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते, म्हणून त्यांच्या प्रयोगशाळेतले मायक्रोस्कोप दरवर्षी मीच उघडून साफ करतो, हे तुला माहीत आहे. भिंगं काढून टेबलावर फडक्यावर मांडली होती. तेवढ्यात सर हसत हसत आत आले आणि म्हणाले, "यल्लाप्पा, लेकीनं चितपट केलं की हो तुम्हाला!" मला वाटलं, तुला कुठं बक्षीस-बिक्षीस मिळालं. मी म्हटलं, "कशात?" तर त्यांनी मासिक पुढं केलं. मी म्हटलं, "तुम्हीच वाचा, माझे हात तेलाचे आहेत."

सरांनी वाचलं. मोठ्यानं वाचलं. पलीकडं बी.एस्सी.ची पोरं झुरळं कापत बसली होती, ती सुऱ्या खाली ठेवून ऐकायला लागली.

बनाथ्रिप्स ही फुलकिड्यांची वेगळी प्रजातीच नाही. कुरणे, १९९६, यांनी ज्या जाड पायांच्या नरांवरून ती स्थापन केली ते नर, आणि पानावरच्या त्याच गाठीतल्या ज्या किरकोळ नरांना त्यांनी बाहेरून आलेले उपरे मानले ते नर, एकाच मादीची पिल्लं आहेत. सबब हे नाव शंभर वर्षांपूर्वीच्या जुन्या प्रजातीत विलीन करण्यात येत आहे.

कुरणे, १९९६! कोण हा कुरणे? १९९६ साली होऊन गेलेला कुणी इसम? तुला पहिलं भिंग कुणी हातात दिलं? फुलकिड्याच्या मिशीचे सांधे कसे मोजायचे, कुठला सांधा दुसऱ्याला चिकटून असतो आणि फसवतो, हे कुणी दाखवलं? दहावी नापास माणसानं. शिरोली एमआयडीसीत लेथवर काम करत मापाची शिस्त शिकलो, मग भंगारातला मायक्रोस्कोप जोडत भिंगाची विद्या शिकलो, आणि मग त्या भिंगाखाली जे दिसलं त्याचं इंग्रजी डिक्शनरी उघडून शिकलो. मला कुणी शिकवलं नाही. तुला शिकवणारा घरात होता. त्याला तू कंसात घातलंस.

आणि खाली ती ओळ. सर ती वाचताना जरा अडखळले, म्हणून मी पुन्हा वाचायला लावली. "मूळ नमुना कुरणे यांच्याकडे मागितला, मिळाला नाही." म्हणजे जगातला जो कुणी फुलकिड्यांवर काम करतो त्याला आता कळलं की कोल्हापुरात एक म्हातारा आपली नमुन्याची काच दडपून बसलाय.

आता सगळ्यात वाईट. लेखाच्या माथ्यावर तुझं नाव. संघप्रिया बनाबाई कुरणे. बापाचं नाव काढून आईचं लावलंस. लाव. कायदा तसा आहे, माझी हरकत नाही. पण ज्या कागदाच्या माथ्यावर आईचं नाव लावलंस, त्याच कागदाच्या पोटात आईचं नाव बुडवलंस? हे तुझ्या हातून कसं झालं, हे मला समजत नाही. रागानं समजत नाही असं नव्हे. खरंच समजत नाही.

तू तेव्हा हॉस्टेलवर होतीस, म्हणून सांगतो. चंदगडच्या एका शाळेत भिंगं दुरुस्त करायला निघालो होतो. तुझी आई माहेरच्या ओढीनं बरोबर आली. घाटात एसटी बंद पडली. सगळे पावणे खाली उतरून कंडक्टरला शिव्या देत उभे, आणि ही रस्त्याकडेच्या अंजनीच्या झुडपाशी. पान कडेनं दुमडून शेंगेसारखं फुगलेलं, तसलं एक तोडून तिनं नखानं उकललं आणि मला हाक मारली, "अवो, हिकडं या. ह्यात काळी माणसं ऱ्हात्यात बघा." टाचणीच्या डोक्याहून जरा लांब, काळे कुळकुळीत, शेपटाला नळी. आणि त्यांतल्या काहींचे पुढचे पाय असे जाड, की मी खिशातलं भिंग पुसून पुन्हा बघितलं.

दोन वर्षं लागली. नाव ठरवून मी तिला सांगितलं, तेव्हा ती भाकरी थापत होती. म्हणाली, "किड्याला? माझं नाव? भावकीत सांगू नगासा, हसतील." मग जरा वेळानं, भाकरी परतताना, "ऱ्हाऊ द्या पर. घरातल्या सगळ्या भांड्यांवर तुमचं नाव कोरलंय. माझ्या माहेरनं आलेल्या हंड्यावरबी तुमचंच. एक किडा तरी माझ्या नावाचा असू द्या."

ती गेली तेव्हा तिच्या नावावर या जगात तेवढं एकच होतं. ते तू काढून घेतलंस.

संपादकांना लिही आणि लेख मागं घे. तुझी एक मादी आणि फांदीला बांधलेली एक पिशवी याला मी पुरावा मानत नाही. मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही मानत नाही.

ओळी वाकड्या आल्या असतील. आभाळ भरून आलंय, उजेड नाही.

यल्लाप्पा सिद्राम कुरणे


कोल्हापूर
१९ जुलै २००४

संघप्रिया,

परवा फोन आपटला. आत्या म्हणते मी चुकलो. फोनवर मला नुसतं ओरडता येतं, सविस्तर बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

पहिलं. तू म्हणालीस, "आप्पा, आईचं नाव म्हणून चुकीचं नाव ठेवायचं का?" हा प्रश्न तू बापाला विचारतेस? मी काय बारशाला नाव ठेवलं होतं? पाय बघून ठेवलं होतं. पुढच्या पायाची मांडी फुगलेली, पावलाला आत वळलेला दात, छातीची बाजू रुंद. इकडच्या कुठल्याही ज्ञात प्रजातीत असला नर नाही. आणि त्याच गाठीत दुसरे नर, बारीक, पाय काडीसारखे, दात नाही. असे दोन प्रकार एका घरात दिसले की फुलकिड्यांवर काम करणारा माणूस काय म्हणतो? पहिला मालक, दुसरा पावणा. गाठ एकानं करायची आणि दुसऱ्यानं आयती येऊन राहायचं, हे फुलकिड्यांत पावलापावलावर आहे. तूच मला त्याची इंग्रजी पुस्तकं पाठवलीस. मग मी बारक्यांना पावणं म्हटलं तर काय आभाळ कोसळलं?

तू म्हणतेस, माद्या बघायला हव्या होत्या. माद्या मी बघितल्या. माद्या बारक्या नरांसारख्या दिसतात, म्हणून मी त्या बारक्यांच्या समजलो. मालकाच्या माद्या मिळाल्या नाहीत, असं मी लेखात स्वच्छ लिहिलंय. लपवलेलं नाही. वाच.

हे लिहिताना मला कळतंय की मालकाची मादी कुठल्याच गाठीत मिळत नाही, ही गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. खटकली नाही. पुढं.

दुसरं. तुझ्या प्रयोगाला माझे आक्षेप. पिशवीचं कापड कुठलं? मलमल असेल तर विणीतून पिल्लू आत शिरतं. फांदी बांधण्याआधी तिच्यावर अंडी नव्हती हे कशावरून? पान उलटून बघितलंस, की वरवर? एकच मादी होती हे कुणी बघितलं, तू की तुझ्या त्या बंगलोरच्या गाईड मॅडम? यांची उत्तरं लेखात नाहीत. असतील तर पोवार सरांनी ती ओलांडून वाचलं.

तिसरं. तुझ्या आत्यानं तुला माझ्याबद्दल काय काय सांगितलंय मला माहीत नाही. तिला सगळ्यांचे आजार सांगायची हौस. मिरजेला मी माझ्या कामाला गेलो होतो. तू फोनवर मध्येच "डोळे दाखवलात का" म्हणालीस, ते मला आवडलेलं नाही. फुलकिड्यांचं बोलणं चाललेलं असताना डोळ्यांचा काय संबंध? युक्तिवाद संपला की माणूस समोरच्याच्या तब्येतीची चौकशी करतो.

तर माझं ठरलं आहे. अंगणातली ड्रममधली अंजनी तुझ्या आईनं चंदगडहून आणून लावलेली आहे. तिच्यावर दर पावसाळ्यात गाठी धरतात. मी तुझा प्रयोग इथं, माझ्या दारात, माझ्या पद्धतीनं करणार. ऑर्गंडीची पिशवी, दुहेरी शिलाई. पोवार सर साक्षीला. निकाल माझ्यासारखा आला तर तू तो छापायचास. तुझ्यासारखा आला तर बघू.

स्लाईडचं तू पुन्हा विचारलंस. ती आहे. सुरक्षित आहे. पाठवायची तेव्हा पाठवीन.

अक्षर मोठं आलंय. पेन नवा आहे, जाड उमटतो.

आप्पा


कोल्हापूर
२६ सप्टेंबर २००४

संघा,

पिशवी उघडली.

सविस्तर लिहितो, नाहीतर तूच आक्षेप काढशील. फांदीचं प्रत्येक पान पोवार सरांनी दोन्ही बाजूंनी तपासलं. जुन्या गाठीतली मादी त्यांनीच ब्रशच्या टोकानं उचलली आणि कोवळ्या पानावर सोडली. मी खुर्चीवर बसून सूचना देत होतो. सर वैतागले. म्हणाले, "यल्लाप्पा, एवढं असेल तर तुम्हीच उचला की." मी म्हटलं, "साक्षीदार तुम्ही, हात तुमचाच पाहिजे." पिशवी बांधून गाठीवर लाख लावली. पान दुमडलं, फुगलं, शेंग धरली. पिकायला लागली तेव्हा काल तोडून आणली.

सर परीक्षांच्या गडबडीत. मला दम निघेना. शेंग टेबलावर ठेवली, उकलली, मोठं भिंग वर लावलं आणि आत्याला बसवलं.

"काय दिसतंय सांग. तुझ्या मनाचं सांगू नको, दिसतंय तेवढंच सांग."

"किडं हायत."

"ते मलाबी म्हाईत हाय. पुढचं पाय बघ. जाड का बारीक?"

ती बराच वेळ वाकून बसली. मग म्हणाली, "आरं यल्लाप्पा, ह्यो तालमीतला हाय बघ. मांड्या काय, दंड काय! आन् ह्यो हितं तालुक्याच्या हापिसातला कारकून."

"दोनच तऱ्हा हायत न्हवं? मधला कुणी न्हाय न्हवं?"

"हाय की. ह्यो मधला. त्यापल्याड त्याच्याहून जरा उजवा. मग आनि एक. वळीनं लावलं तर थोरल्यापास्नं धाकट्यापतुर पायऱ्या पडत्यात. एका आईच्या पोरांत असतंयच की, एक दूध पिऊन फुगतंय, एक तसंच ऱ्हातंय."

मी तिला तीन वेळा पुन्हा बघायला लावलं. आज सकाळी सरांना घरी बोलावून त्यांनाही बघायला लावलं. तेच. दोन तऱ्हा असत्या तर अजून भांडलो असतो. पायऱ्या पडल्यावर भांडायला जागा उरत नाही. दोन टोकांचे नमुने माझ्या हाती आले आणि मधले आले नाहीत, म्हणून मी दोन कुळं केली. निकाल तुझ्यासारखा आहे.

आत्या चहा घेताना म्हणाली, "म्हंजे घरच्याच पोराला तू पावणं केलतास व्हय? एवढी वर्सं?" मी कप ठेवून उठलो.

आता तू विचारशील, आत्याला का बसवलं. तू हुशार आहेस, विचारणार नाहीस, तुला कळलंय. तरी लिहितो, कारण तू लेखात एका ओळीत उरकलेली गोष्ट मला माझ्या हातानं लिहायची आहे.

गेल्या दिवाळीत तू स्लाईड मागितलीस. पाठवण्याआधी मूळ नमुना एकदा डोळ्याखालून घालावा म्हणून पेटीतून काढला. तोच नर, तुझ्या आईनं घाटात उकललेल्या पानातला. लवंगेच्या तेलातून काढून बाल्समच्या डिंकात मीच बसवलेला, मिशा सरळ, पाय पसरलेले. असा नमुना मला पुन्हा साधला नाही. मोठं भिंग लावलं. मधोमध धुकं. मला वाटलं, भिंग खराब. पुसलं. पुन्हा धुकं. मी डोळा न हलवता स्क्रू खाली फिरवत गेलो, आता दिसेल, आता दिसेल म्हणून.

आवाज आला.

त्या आवाजावरून मी जिल्ह्यातल्या कॉलेजांत किती पोरांना झापलंय याची गणती नाही. "भिंग खाली आणताना डोळा बाजूला, वर नेताना डोळा वर." शाळेतल्या पाढ्यासारखं म्हणून घेत होतो त्यांच्याकडून. तुझ्याकडूनही घेतलं होतं, तू सातवीत होतीस, रडली होतीस. त्या चुकीला माफी नाही असं मी म्हणायचो. आणि माझ्या हातनं कुणाची काच गेली? जगात तिच्या नावाची जी एकच होती, ती.

मिरजेचा डॉक्टर म्हणतो, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग आहेत. कडेचं दिसत राहील, मधलं जात राहील. म्हणजे ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जाणार, आणि ज्याच्याशी मला देणंघेणं नाही ते सगळं लख्ख. त्यानं हे इतक्या गोड आवाजात सांगितलं की त्याची दिव्याची बॅटरी हिसकावून त्याच्याच डोळ्यात मारावीशी वाटली. पेन जाड नव्हता. उजेडही होता. तेलाचे हातही मी पुसले होते.

म्हणून स्लाईड मिळाली नाही. दडपली नव्हती. कुठल्या तोंडानं पाठवणार? आणि तू लेख लिहिलास तेव्हा मला तो वाचता येत नव्हता, तपासता येत नव्हता, खोडता येत नव्हता. पोरगी बरोबर आहे की चूक हे दुसऱ्यानं वाचून सांगायचं आणि मी मान हलवायची? तो राग तुझ्यावर निघाला. पोचला असेल. परत मागत नाही. त्यातला निम्मा अजून खरा आहे. छापण्याआधी तू इथं यायला पाहिजे होतंस. फोनवर स्लाईड मागणं म्हणजे येणं नव्हे. आली असतीस तर दारातच कळलं असतं तुला.

पोवार सर म्हणाले, बुडालेलं नाव पुसलं जात नाही. जुन्या प्रजातीच्या नावाखाली बारीक अक्षरात कायम छापलं जातं, आणि ते दुसऱ्या कुठल्याही प्राण्याला पुन्हा देता येत नाही. मी म्हटलं, "सर, हे मला शिकवू नका." पण रात्रीच्या जेवणाला ते मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "मग भांड्यावरच्या नावापरास बरंच की. भांडी मोडीत तरी जात्यात."

सोबत लाकडी डबी पाठवत आहे. आत कापसात ती काच. वरची पातळ कव्हरस्लिप तडकली आहे, धड दोन जागी तुटलंय, डावा पुढचा पाय मात्र शाबूत आहे असं सर म्हणतात. दात दिसतो म्हणे. तू बघ. नीट बघ, आणि मला पत्रात लिहू नकोस. येऊन सांग.

तीन गोष्टी कर.

पुढच्या अंकात दुरुस्ती छाप. "मूळ नमुना मिळाला. चिरडलेल्या अवस्थेत. चिरडणारे, कुरणे स्वतः." शब्द बदलायचे नाहीत. सौम्य करायचे नाहीत.

काचेवरची माझी चिठ्ठी काढू नकोस. तो आपला रिवाज आहे, मागच्यानं लावलेली चिठ्ठी चुकीची असली तरी उपटायची नाही, खाली आपली लावायची. 'बनाथ्रिप्स' हे माझ्या हातचं अक्षर आहे, डोळे धड असतानाचं. तसलं आता येत नाही.

त्याच्याखाली तुझी चिठ्ठी लाव. जुन्या प्रजातीचं नाव लिही, साल लिही. आपण चिठ्ठीवर नुसतं आडनाव लिहितो. तू लिहू नकोस. जागा अपुरी पडली तर अक्षर बारीक कर, तुझे डोळे चांगले आहेत. पूर्ण नाव लिही, लेखाच्या माथ्यावर लिहिलंस तसं. आईचं मधे.

भिंग खाली आणताना डोळा बाजूला.

तुझा,
तुझ्या नावात नसलेला,
आप्पा